दूध बंद केले, मग सुरू काय करायचे?

गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाच्या आईला दवाखान्यातून निघताना बहुधा एकच सूचना मिळते : दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद. सूचना बरोबर असते, पण अर्धी असते. नुकतेच वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाच्या आहारातून दूध, दही, तूप, लोणी काढून घेतले की त्यांच्याबरोबर प्रथिने, कॅल्शियम, स्निग्धांश आणि बऱ्यापैकी उष्मांकही जातात. ते कशातून भरून काढायचे हे कोणी सांगितले नाही, तर घरातले लोक आपापल्या समजुतीने ती जागा भरू लागतात. कोणी बकरीचे दूध आणते, कोणी बदाम उगाळते, कोणी ‘सध्या नुसते डाळीचे पाणी द्या, पचायला हलके’ म्हणते. नातवाच्या निमित्ताने हे सारे मी घरातच पाहते आहे. माझे मत असे झाले आहे की अशा बाळाला दुधापासून जपणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याला दुधाशिवाय नीट भरवणे महत्त्वाचे. आणि ते काम एकट्या आईवर टाकण्याचे नसून, ज्यांच्या हाती वर्षानुवर्षे स्वयंपाकघर आहे त्या आम्हा आज्यांनी उचलायचे आहे.

‘दूध पचत नसेल’ असे म्हणून जो घोटाळा सुरू होतो तो आधी मिटवायला हवा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे ही निराळी गोष्ट आहे. मोठ्या माणसांत ती सर्रास आढळते, तान्ह्या बाळात जन्मजात असणे मात्र अत्यंत दुर्मीळ. ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, केसीन आणि व्हे या गटांतल्या प्रथिनांची. त्यामुळे लॅक्टोज काढलेले दूध या बाळांच्या काहीच उपयोगाचे नाही, कारण त्यात प्रथिने जशीच्या तशी असतात. या ॲलर्जीचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. एकात दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, आणि क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते. दुसऱ्यात त्रास काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी दिसतो : शीतून आव आणि रक्ताचे धागे पडतात, इसब चिघळते, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही. आमच्या घरी हा दुसरा प्रकार आहे. रक्ततपासणीत आणि त्वचेवरच्या चाचणीत तो सापडत नाही. दूध दोन ते चार आठवडे पूर्ण थांबवून, त्रास गेल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा थोडे देऊन पाहणे, हीच त्याची खरी परीक्षा. त्रास थांबलेला असताना पुन्हा दूध देऊन पाहायला कोणाच्याही जिवावर येते, पण ही पायरी गाळली तर ॲलर्जी नसलेले मूलही वर्षानुवर्षे पथ्यात अडकते.

ही भीती काल्पनिक नाही. इंग्लंडमध्ये २००६ ते २०१६ या दहा वर्षांत अशा बाळांसाठीच्या खास डब्याच्या दुधाच्या चिठ्ठ्या जवळजवळ पाचशे टक्क्यांनी वाढल्या. ॲलर्जी त्या प्रमाणात वाढल्याचा पुरावा मात्र नव्हता, आणि निदानाच्या नियमांवर दूध-पावडरच्या कंपन्यांचा किती प्रभाव आहे, यावर २०१८ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात उघड चर्चा झाली. प्रत्येक रडणारे, गुळणी टाकणारे बाळ ॲलर्जीचे नसते. निदान पक्के असल्याशिवाय पथ्य नको, आणि पक्के असेल तर पथ्यात ढिलाई नको.

पथ्यात ढिलाई कुठून शिरते, तर बहुतेक वेळा आमच्याच पिढीकडून. ‘अहो, एका चमच्याने काय होतंय?’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की आता त्याचे उत्तर पाठ झाले आहे. होते ते असे की चमचा आजीने दिलेला असतो आणि रात्रभर मुलाला खांद्यावर घेऊन आई फिरते. आपल्याकडे दूध-तूप हे केवळ अन्न नसून माया आणि शुभ मानले जाते, त्यामुळे ते नाकारणे म्हणजे जणू अपमान. उष्टावणाला खीर, पूजेला पंचामृत, सत्यनारायणाला सव्वाच्या मापाने तूप-दुधातला शिरा, आणि प्रसादाला नाही म्हणायचे नसते. आम्ही नातवाचे उष्टावण नारळाच्या दुधातल्या तांदळाच्या पेजेने केले, चांदीची वाटी आणि सोन्याची अंगठी मात्र परंपरेप्रमाणे ठेवली. गुरुजींनी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती दोन विहिणींनी.

तुपाबद्दल विशेष सांगायला हवे, कारण मेतकूट-तूप-भात हे आपल्या बाळांचे पहिले खाणे आणि ‘तुपात दूध कुठे असते?’ हा प्रश्न चांगल्या शिकलेल्या लोकांनाही पडतो. लोणी कढवताना भांड्याच्या तळाशी जी खरपूस बेरी उरते, ती प्रामुख्याने दुधाची प्रथिनेच असतात. घरी तूप कितीही काळजीने गाळले तरी त्यांचा अंश त्यात उरतो. तूप सोसणारी मुलेही असतात, पण ते डॉक्टरांना विचारून ठरवायचे असते, पातेल्याकडे पाहून नव्हे. गाईऐवजी म्हशीचे किंवा बकरीचे दूध देणेही तसेच फसवे. या प्राण्यांच्या दुधातली प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ-एक बाळांना बकरीचे दूधही सोसत नाही. आमच्या गल्लीत गाढवीण घेऊन फिरणारा माणूस येतो आणि चमचाभर दुधाचे बरेच पैसे घेतो. गाढविणीच्या दुधातली प्रथिने गाईच्या दुधाहून बरीच निराळी असतात हे खरे आहे, पण रस्त्यावर काढलेले कच्चे, न तापवलेले दूध सहा-आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात घालणे हा वेगळाच धोका आहे.

आता भरवण्याकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. पहिली गोष्ट अशी की एक वर्षापर्यंत बाळाचे मुख्य अन्न अंगावरचे दूध हेच असते, आणि ॲलर्जीचे निदान झाले म्हणून ते तोडण्याचे कारण नाही. आईच्या खाण्यातली दुधाची प्रथिने थोड्या प्रमाणात अंगावरच्या दुधात उतरतात, म्हणून काही आयांना स्वतःलाही दूध सोडावे लागते, पण सगळ्यांना नव्हे. केवळ अंगावरच्या दुधावर असताना बाळाला काहीच त्रास नसेल, तर आईला उगाच उपाशी ठेवू नये. जिला पथ्य आहे तिच्या कॅल्शियमच्या गोळ्यांची आठवण घरातल्यांनी ठेवावी आणि बाळंतिणीला तुपातल्या डिंकाच्या लाडवांऐवजी नारळ-गुळातले हळिवाचे लाडू द्यावेत, जे तुपाचा थेंबही न घालता उत्तम वळतात. अंगावरचे दूध नसेल, तर मोठ्या प्रमाणात विघटित, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचे किंवा नुसत्या अमिनो आम्लांचे (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचे) खास डब्याचे दूध हा मुख्य पर्याय असतो. ते महाग असते, त्याला उग्र वास येतो, चव कडवट लागते, आणि तरीही बदामाचे, ओट्सचे किंवा नारळाचे घरगुती दूध त्याची जागा वर्षाच्या आत घेऊ शकत नाही. नारळाचे दूध शिजवण्यापुरते वापरावे, बाटलीत भरू नये.

नाचणी आपल्याकडे आहे हे मोठे भाग्य. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या तितक्याच दुधात साधारण १२०. पण या आकड्यांवर भुलून ‘नाचणी देतो, मग झाले’ असे म्हणता येत नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने वर्षाच्या आतल्या बाळाची कॅल्शियमची गरज दिवसाला ३०० मिलिग्रॅम ठरवली आहे, आणि बाळाच्या पोटात दिवसभरात नाचणीचे पीठ जाते वीसेक ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम जाते सत्तरच्या आसपास. त्यातलेही सगळे अंगी लागत नाही, कारण धान्यातली फायटेट नावाची द्रव्ये ते धरून ठेवतात. मोड आणल्याने हे फायटेट कमी होते. म्हणून मी नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, पांढरे कोंब दिसू लागले की सावलीत वाळवते, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजते आणि गिरणीवर न देता घरीच दळते, कारण गिरणीत आधी कोणाचे काय दळले हे विचारून भागत नाही. सत्त्व काढायचे, म्हणजे वाटून, पाण्यात कालवून, गाळून तळाशी बसलेला पांढरा गाळ वाळवायचा, ही जुनी रीत मात्र मी सोडली आहे. ते दिसते सुंदर आणि गिळायला मऊ, पण नाचणीचे कॅल्शियम बरेचसे तिच्या सालपटात असते आणि आपण तेच फेकून देतो. बारीक चाळणीने चाळलेले पीठ पुरे होते.

खिमट किंवा पेज चमच्यातून ओघळून जाईल इतकी पातळ असू नये, हा नियम सगळ्याच बाळांना लागू आहे, पण तूप-दूध नसलेल्या बाळाला जास्तच. त्याचे पोट इवलेसे. ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा कुठे? डाळीच्या पाण्यात डाळीचे फारसे काही नसते. डाळ घोटून द्यावी. मुगाचे किंवा मसुराचे घट्ट वरण, मऊ भात, त्यात शिजवलेला लाल भोपळा किंवा रताळे, वरून लिंबाचे दोन थेंब, म्हणजे डाळीतले लोह अंगी लागते, आणि तुपाऐवजी एक चमचा तेल. शेंगदाण्याचे, तिळाचे किंवा खोबरेल, घरात जे असेल ते. एका चमच्यात पंचेचाळीस उष्मांक असतात आणि तितक्याने वाटीचे वजन बदलते. आमच्याकडे वरणावर तेल ओतताना पाहून पाहुण्या बायका नाक मुरडतात. मुरडोत. वर्षाच्या आत मीठ-साखर घालत नाही आणि मध तर अजिबात देत नाही.

एका ॲलर्जीमुळे घाबरून बाकीचे सारे पदार्थही लांबणीवर टाकणे ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. अंडे नको, दाणे नको, मासे नको, असे करत करत बाळ तांदूळ-केळ्यावर येऊन थांबते. २०१५ साली लंडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसले की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा पहिल्या वर्षातच, योग्य रूपात, देऊ लागले तर पुढे दाण्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात दाण्याचे कूट असते. ते अगदी वस्त्रगाळ करून पेजेत मिसळायचे, अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा पहिल्या, ताबडतोब उठणाऱ्या प्रकारची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत हे डॉक्टरांना विचारूनच करावे. नवा पदार्थ एका वेळी एक, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहते. पूर्ण शिजलेले अंडे आमच्या शाकाहारी घरात आले ते याच कारणाने, आणि त्यासाठी वेगळी कढई ठेवून मी तो विषय संपवला.

बाहेरच्या पदार्थांत डोळे उघडे ठेवावे लागतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, दूध नसल्याचा नव्हे, कारण आपल्या नियमांत दूध शाकाहारीच आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पाकिटबंद पदार्थात दूध असेल तर तसे वेगळे लिहावे लागते. ती ओळ घटकांच्या यादीजवळ बारीक अक्षरांत असते. यादीतही मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिनेट अशी नावे शोधावी लागतात. लहान मुलांच्या तयार धान्यपावडरीत दूध-पावडर असतेच असे समजून चालावे. सुट्या मिठाईवर, बेकरीतल्या टोस्टवर आणि पावावर काहीच लिहिलेले नसते, म्हणून ते नको. पाळणाघरात आम्ही एक कागद भिंतीवर लावून घेतला आहे : काय द्यायचे, काय नाही, आणि अंगावर गांधी, ओठांची सूज, घरघर किंवा एकामागून एक उलट्या होऊन बाळ मलूल पडले तर फोन करत न बसता थेट रुग्णालय. आधीच्या एका पाळणाघराने ‘आमच्याकडे सगळी मुले दूध पितात, कोणाला काही होत नाही’ असे ऐकवले होते, तिथे मूल ठेवले नाही.

दर भेटीत वजन आणि लांबी मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंदवायचा आग्रह धरावा आणि ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब चुकवू नयेत. रेषा खाली वळू लागली, तर ‘दूध नाही, म्हणून असेच’ हे स्पष्टीकरण मान्य करू नये, आहारतज्ज्ञ गाठावा.

बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते, उशिरा उठणाऱ्या प्रकारात बरेचदा त्याच्या आधीच. ती गेली का हे पाहण्याचीही रीत आहे : साधारण वर्षाच्या सुमारास, किमान सहा महिने पथ्य झाल्यावर, आधी पिठात मिसळून भट्टीत खरपूस भाजलेल्या पदार्थातले इवलेसे दूध, ते सोसले तर पायरी-पायरीने दही, आणि सगळ्यात शेवटी साधे दूध. पिठाबरोबर बराच वेळ भाजल्याने प्रथिनांची घडण बदलते, नुसते उकळल्याने तितकी बदलत नाही. त्यामुळे ‘चांगले तीनदा उतू घालवले, आता द्या’ हा युक्तिवाद टिकत नाही. पहिल्या प्रकारच्या ॲलर्जीत तर ही परीक्षा रुग्णालयातच व्हायला हवी. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या वाढदिवसानंतरची वेळ दिली आहे. वाढदिवसाचा केक केळे, गूळ, तेल आणि कणकेचा होईल, आणि पेढे वाटायचेच असतील तर ते पाहुण्यांनी जिन्यात खाऊन, हात धुऊन वर यावे, असे मी आत्ताच सगळ्यांना कळवून ठेवते.