दोऱ्याचं काय?

सुती कपडा शेवटी मातीत मिसळतो, असं एका लेखात वाचलं आणि ते पटलं. पण शिवणीचं काय? शुद्ध सुती कुर्ताही आज बहुतेक पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं शिवला जातो. कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवायचं बकरम, प्लॅस्टिकची बटणं, कमरेला इलास्टिक. कापड कुजतं, हे सगळं तसंच उरतं.

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात कापड घ्याल तेव्हा एक धागा जाळून बघा. कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सूत. वितळून कडक गाठ झाली की पॉलिएस्टर मिसळलंय.

नागपूरजवळ काय नाही! वर्धा-यवतमाळचा कापूस, भंडारा-गडचिरोलीत ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचं टसर रेशीम. १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथेच आहे आणि तिथे मुळातच तपकिरी असणाऱ्या कापसावरही काम झालंय. तो रंगवावा लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे, कारण कापड नैसर्गिक असलं तरी रासायनिक रंग मातीत उतरतोच. आणि इतकं असून इथल्या हलबा-कोष्टी विणकरांचे हातमाग बंद पडत गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिंप्याकडे सुती दोरा, करवंटीची बटणं आणि नाडी मागा. सुती दोरा जरा लवकर तुटतो, पण उसवलेली शिवण पुन्हा घालता येते.