गोगलगाय, नोबेल आणि आबे फारिया : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

समुद्री गोगलगायीवर स्मरणाचा अभ्यास करून नोबेल मिळवणारे मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. गोगलगायीवरून माणसाच्या स्मरणाचं काय कळणार? नोबेल आणि सायटेशनचे (इतर संशोधकांनी किती वेळा संदर्भ दिला त्याचे) आकडे म्हणजेच प्रभाव का? आणि पणजीत राहून कांदोळीचा संमोहनतज्ज्ञ आबे फारिया विसरलात कसे?

दुसरा आक्षेप वर्मी लागला. ते आकडे मी आळसाने टाकले होते. तो परिच्छेद आज काढून टाकलाय.

पहिल्यावर मात्र भांडणार. कँडेल हा माणूस काही गोगलगायीच्या प्रेमात पडून आला नव्हता. जन्म १९२९चा, व्हिएन्नाचा. नाझींमुळे १९३९ साली अमेरिकेत. हार्वर्डला इतिहास आणि साहित्य शिकला, मग मनोविश्लेषक व्हायचं म्हणून वैद्यकीला गेला. १९५५ साली मेंदूशास्त्रज्ञ हॅरी ग्रुंडफेस्ट यांच्या प्रयोगशाळेत आला तो फ्रॉइडचा इगो (मनातला ‘मी’) आणि इड (मनातल्या आदिम इच्छा) मेंदूत कुठे सापडतात ते बघायला! ग्रुंडफेस्टनी सांगितलं, एकेक पेशी बघ. पुढे मांजराच्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागावर, काम करून झालं आणि तिथल्या गुंत्यात स्मरण हाती लागेना, तेव्हा कुठे अ‍ॅप्लिशिया ही समुद्री गोगलगाय आली.

माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. या गोगलगायीत २०,०००च्या आसपास, त्यातल्या काही नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात एवढ्या मोठ्या. तिच्या नळीला हलकं टोचलं की ती कल्ला (श्वास घ्यायचा अवयव) आत ओढून घेते. पुन्हापुन्हा टोचा, ती दुर्लक्ष करू लागते; कदंबा बसस्टँडसमोर राहणाऱ्याला कंडक्टरच्या आरोळ्या ऐकू येईनाशा होतात, तसं. शेपटीला विजेचा एक झटका दिला तर ती काही मिनिटं दचकी होते. तेच झटके मधे वेळ सोडून चारपाच वेळा दिले, तर काही दिवस.

खरी गोष्ट इथे आहे. मिनिटांच्या आठवणीला नवी प्रथिनं लागत नाहीत, जुन्याच जोडण्या तेवढ्यापुरत्या घट्ट होतात. दिवसांच्या आठवणीसाठी पेशीला जनुकं जागी करावी लागतात, आणि जोडण्या नव्याने उगवतात. कँडेल यांच्याच प्रयोगशाळेत क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी मोजलं: स्पर्श टिपणाऱ्या एका संवेदी पेशीची, दुसऱ्या पेशींना जोडणारी टोकं सुमारे १,३०० होती, ती २,७०० झाली. आठवण म्हणजे शरीरात झालेला बदल, हे इतक्या उघडपणे त्याआधी कुणी दाखवलं होतं?

‘पण ती गोगलगायच’ असं तुम्ही म्हणालच. मग फळमाशीकडे बघा. अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत शिकू न शकणाऱ्या माशा सापडल्या, त्यांचा दोष शोधता शोधता वाट पोचली ती सायक्लिक एएमपीकडे, पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या रेणूकडे. कँडेल यांना गोगलगायीत सापडलेला रेणू हाच. दोन वेगळे प्राणी, दोन वेगळ्या वाटा, एकच रेणू. याला मी प्रभावापेक्षा पुरावा म्हणेन.

तुमचं एक मान्य. आजीच्या अंगणातली तुळस आठवणं आणि कल्ला आत ओढणं एक नव्हे. तुळस आठवायला हिप्पोकॅम्पस लागतो, आणि कँडेल स्वतः पुढे उंदरांकडे वळले ते त्याचसाठी. ज्या औषध कंपनीच्या स्थापनेत त्यांचा हात होता, तिच्याकडून स्मरणशक्तीची गोळी काही आली नाही. नोबेलच्या झगमगाटात हे मी लिहायचं टाळलं, हे चुकलंच.

प्रभाव बघायचा तर बांबोळीला एमबीबीएस करणाऱ्या माझ्या भाचीच्या टेबलावर बघा: कँडेल आणि श्वार्ट्झ यांनी १९८१ साली काढलेल्या मेंदूशास्त्राच्या ग्रंथाची नवी आवृत्ती. उशीएवढी जाड आहे, आणि परीक्षेच्या आठवड्यात ती उशीच होते.

राहिला फारिया. तो मेंदूशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून लेखात नव्हता. पण तुमच्यामुळे एक धागा सापडला. संमोहन डॉक्टरच्या अंगातल्या चुंबकी शक्तीने होत नाही, ते समोरच्याच्या मनात घडतं, हे त्याने पॅरिसमध्ये सांगितलं. १८१९ साली तिथेच वारला. फ्रान्समधल्या नॅन्सीचे डॉक्टर बर्नहाइम यांनी पुढे सूचनेचा (शब्दांनी समोरच्याच्या मनावर होणाऱ्या परिणामाचा) हाच विचार उचलून धरला, आणि १८८९ साली त्यांच्याकडे शिकायला गेला तो फ्रॉइड. त्याच फ्रॉइडचा इड शोधायला कँडेल निघाले होते.

पणजीतल्या जुन्या सचिवालयाशेजारच्या फारियाच्या पुतळ्याला सायटेशन कुठली? फारियावर वेगळा लेख लिहितोय. तुमच्याकडे मराठीत काही जुनं कात्रण असेल तर जरूर पाठवा.