"तिथे काही नाहीये" : आईसोबत सायप्रसच्या किनाऱ्यावर आठ दिवस

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन सायप्रसला जाऊन आलो. जायच्या आधी इथल्या म्हणजे दुबईतल्या आमच्या मराठी ग्रुपवर सहज विचारलं होतं, तर तीन जणांचं एकच उत्तर, अरे तिथे काही नाहीये, त्यापेक्षा सँटोरिनी कर, फोटो कसले भारी येतात. हे जागा "करायचं" प्रकरण मला कधी झेपलंच नाही. पॅरिस केलं, स्वित्झर्लंड झालं, आता ग्रीस राहिलंय, म्हणजे पोथीचे अध्याय वाचून संपवल्यासारखं. नऊ दिवसांत पाच देश करून आलेल्या माणसाला विचारा कुठल्या गावात काय खाल्लंत, तो बसमधली इडली आठवतो.

तर आम्ही उलटं केलं. एकच देश, त्यातला एकच किनारा. पश्चिमेचं पाफोस, तिथून वर आकामासचं जंगल आणि खाली कुरिऑनपर्यंत. आठ दिवस तेवढंच. आणि तरी राहिलंच बरंच काही.

लार्नाकाच्या विमानतळावर उतरलो, गाडी घेतली. भाड्याच्या गाडीला तिथे लाल नंबर प्लेट असते, म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला लांबूनच कळतं की हा पाहुणा आहे, जरा सांभाळून. इंग्रज 1878 पासून 1960 पर्यंत होते त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, प्लगसुद्धा तीन पिनांचा. मी अकरा वर्षं दुबईत उजवीकडून चालवतोय, त्यामुळे पहिल्या दोन राउंडअबाउटला आईनेच ओरडून सांगितलं, "अरे डावीकडे, आपल्याकडच्यासारखं!"

पहिल्या दिवशी कोरल बे नावाचा बीच. पाणी म्हणाल तर काचेसारखं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं मोजता येतात. पण वाळू दिसतच नाही हो, खाटा आणि छत्र्या, छत्र्या आणि खाटा. खाटेचे अडीच युरो, छत्रीचे अडीच. आई म्हणाली, "झोपायचे पैसे?" आणि पंचा अंथरून थेट वाळूत बसली. तासाभराने आम्ही निघालो. तिथून जरा वर पेयियाच्या खडकांवर एक जहाज अडकलंय, एड्रो 3, डिसेंबर 2011 च्या वादळात आलेलं, लोक सूर्यास्ताला त्याचे फोटो काढायला रांग लावतात. मला आमच्या रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावरचं बसरा स्टार जहाज आठवलं, निसर्ग चक्रीवादळात आलेलं. त्याचेही फोटो काढायचे लोक.

पाफोसच्या बंदराला लागूनच जुनं रोमन शहर आहे, 1980 पासून युनेस्कोच्या यादीत. तिथलं हाउस ऑफ डायोनिसस नावाचं घर 1962 मध्ये शेताचं काम चालू असताना सापडलं, म्हणजे माती जरा खरवडली आणि खाली सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीच्या फरशा. नखाएवढे दगडाचे तुकडे जुळवून केलेली चित्रं. वर लाकडी पूल बांधलेत, त्यावरून चालत खाली बघायचं. एका चित्रात दारूचा देव डायोनिसस रथात बसून येतोय, रथाला दोन बिबटे, आणि सोबत कैदी. तर हे कैदी भारतातले! ग्रीक कथेप्रमाणे तो भारत जिंकून परत येतोय. मी आईला सांगितलं की हे बघ आपली माणसं. ती कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जिंकला कधी? आपल्याला कुणी सांगितलं नाही ते." पुढच्याच चित्रात दोन माणसं झिंगून पडलीत आणि वर ग्रीकमध्ये लिहिलंय, पहिले वाइन पिणारे. हसून हसून पुरेवाट.

पण या ट्रिपमधली माझी सगळ्यात आवडती जागा कुक्लिया. पाफोसपासून गाडीने वीसेक मिनिटं. अॅफ्रोडाइट म्हणजे सौंदर्याची देवी, तिचं हे मूळ ठाणं, आख्ख्या भूमध्य समुद्रातून लोक इथे यायचे. समुद्रातून ती जिथे वर आली म्हणतात तो पेत्रा तू रोमिऊचा खडक पुढे हायवेवरच आहे, तिथे टूर बसेसची जत्रा असते. कुक्लियाला मात्र आम्ही दोघं, एक जर्मन म्हातारं जोडपं आणि एक मांजर. मला वाटलेलं आत संगमरवरी सुंदर मूर्ती असणार, हात तुटलेली वगैरे. म्युझियममध्ये गेलो तर समोर एक काळपट दगड. शंकूसारखा, साधारण आपल्या छातीएवढा उंच. नाक नाही डोळे नाहीत. हीच देवी. शेकडो वर्षं याचीच पूजा झाली, रोमन नाण्यांवर देवळाच्या चित्रात आत हा शंकूच कोरलेला आहे.

मी आपला पाटी वाचत होतो तोवर आई चपला काढून उभी. म्हटलं अगं हे म्युझियम आहे. तर म्हणते, "तांदळा आहे हा. शेंदूर तेवढा नाहीये." तांदळा म्हणजे मूर्ती न घडवता नुसत्या दगडातच मानलेली देवी. आमची कुलदेवी माहूरची रेणुका, तिला काय मोठं कोरीवकाम लागतं का, तांदळाच तो. ज्या गोष्टीसाठी पाटीवर दोन परिच्छेद लिहिले होते ती हिला एका शब्दात कळली, कारण हिच्याकडे तो शब्द होता. जर्मन आजोबांना मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये समजावायचा प्रयत्न केला, त्यांनी मान डोलावली, काय कळलं देव जाणे.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. आई शाकाहारी, काही अडलं नाही. हलुमी नावाचं चीज, तव्यावर भाजलं तरी वितळत नाही, दाताखाली करकर वाजतं, थोडा पुदिन्याचा वास. तिथले लोक ते कलिंगडासोबत खातात. ऐकायला विचित्र वाटतं, पण दुपारी ऊन भाजत असताना खारट चीज आणि गार कलिंगड, आम्ही चार दिवस तेच जेवलो.

आता लारा. ज्यासाठी खरं तर गेलो होतो.

आकामासच्या बाजूला हा बीच आहे, शेवटचा रस्ता कच्चा, दगडगोटे आणि धुळीचा. आमच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये कच्चा रस्ता बसत नव्हता म्हणून एका दिवसासाठी दुसरीकडून जीप घेतली. इथे हिरवी कासवं आणि लॉगरहेड अशी दोन जातींची कासवं अंडी घालतात. 1978 पासून तिथल्या मत्स्य खात्याने त्यांचं संरक्षण चालवलंय, कोल्हे अंडी उकरून खायचे म्हणून प्रत्येक घरट्यावर जाळीचा पिंजरा ठेवतात, पिल्लं फटीतून बाहेर येतात पण कोल्ह्याचं तोंड आत जात नाही. आणि नियम कडक आहेत. खाटा नाहीत, छत्र्या नाहीत, कारण छत्रीचा दांडा वाळूत खुपसला की खाली अंडी असू शकतात. तंबू नाही, वाळूवर गाडी नाही, जून ते सप्टेंबर रात्री थांबायचं नाही. हॉटेल तर लांबची गोष्ट. साधी टपरीसुद्धा नाही.

आम्ही उजाडता उजाडता पोचलो. पिवळसर वाळूची लांब कमान, मागे झुडपांच्या टेकड्या, ओळीने पिंजरे. एका पिंजऱ्यापासून पाण्यापर्यंत बारीक बारीक खुणा होत्या, कुणीतरी वाळूला चेन शिवल्यासारख्या. रात्रीच निघून गेलेली पिल्लं. आणि एक मागे राहिलेलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. चार पावलं टाकायचं आणि थांबायचं, चार पावलं आणि थांबायचं. तिथल्या स्वयंसेवक मुलीने हाताने खूण केली की लांब राहा, हात लावायचा नाही, त्याला स्वतःच जाऊ दे. पायाच्या ठशाएवढा खड्डा आला तर त्यात पडलं, चढून वर यायला त्याला चार-पाच मिनिटं लागली. तो ठसा कुणाचा होता माहीत नाही, पण तेव्हापासून मी वाळूत जरा लाजतच चालतोय. पहिली लाट आली, मागे ढकललं. दुसरी आली आणि गेलं. आई इतका वेळ गप्प होती, मग हळूच म्हणाली, "जा रे बाबा."

आम्ही मूळचे दापोलीकडचे. वेळास आमच्यापासून दीड तासावर, तिथे 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांचं हेच काम सुरू आहे, गावातल्या लोकांनी चालवलेलं, आणि मी आयुष्यात एकदाही गेलेलो नाही. विमानाने चार तास उडून सायप्रसला कासव बघितलं. आणि दुसरीकडे आमच्याच मुरूड-कर्द्याला शनिवारी काय चालतं ते माहीत आहे सगळ्यांना, भरतीच्या वाळूत गाड्या घालायच्या आणि रुतल्या की ट्रॅक्टर बोलवायचा. याबद्दल गावात बोललं की उत्तर ठरलेलं, पर्यटक आला पाहिजे, सोयी पाहिजेत. पाहिजेतच, घरं चालतात त्यावर, माझ्या मामाचंही चालतं. माझं म्हणणं एवढंच की सगळ्या किनाऱ्यांवर सगळ्या सोयी कशाला. तिथेही कोरल बे आहेच की, खाटांनी भरलेला, चाळीस मिनिटांवर. पण एक लारा बाजूला ठेवलाय. त्यासाठीही तिथे कायम भांडणं चालू असतात, जमीनमालक म्हणतात आम्ही काय पाप केलंय, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही.

शेवटच्या दिवशी कुरिऑन. उंच कड्यावर रोमन नाट्यगृह, पायऱ्यांवर बसलं की समोर खाली सरळ समुद्र. इसवी सन 365 च्या भूकंपात हे शहर कोसळलं. शेजारच्या एपिस्कोपी गावच्या म्युझियममध्ये त्यात सापडलेले सांगाडे आहेत, एक बाई, तिने पोटाशी धरलेलं बाळ आणि दोघांवर ओणवा झालेला पुरुष. त्यावर जास्त लिहित नाही.

खर्च विचारणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये या, सांगतो. फक्त जीप घेताना आधी अटी वाचा. आम्हाला सांगितलं होतं की ही खास लाराच्या रस्त्यासाठीच आहे, आणि परत दिली तर गाडीला धूळ लागली म्हणून डिपॉझिटमधून साठ युरो कापले. आई पदराने काच पुसत होती तेव्हाच मला शंका यायला हवी होती.