बोअरला तेल लागल्यास काय करावे

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या आजोबांच्या वाड्यात बोअर मारताना पाण्याऐवजी तेल उसळलं. (कायद्यानं ते सरकारचं, ठाऊक आहे. तेव्हा वाडा म्हणजे एक सार्वभौम देश आणि काका म्हणजे सरकार, असं धरून चालू.) आधी पेढे वाटा, मग सल्ला ऐका.

पहिल्या झटक्यात मुलांची शाळा बंद करा. सयाजीराव महाराजांचं इथेच चुकलं. १९०६ साली अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, वर गावोगाव वाचनालयं काढली. का, तर तेव्हा इथे तेल सापडलं नव्हतं! अंकलेश्वरला ते लागलं १९६० साली, कोयलीची रिफायनरी आली १९६५ मध्ये. जरा कळ काढली असती तर एवढ्या मास्तरांचे पगार वाचले असते.

वहिनींच्या लोणच्यांचा धंदा बंद पाडायला वेगळे कष्ट नकोत, तो आपोआप बसतो. नेदरलँड्समध्ये १९५९ साली ग्रोनिंगेनला गॅस सापडला. बाहेरून पैसा आला, त्यांचं चलन वधारलं, त्याबरोबर बाकीचा मालही परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला आणि कारखाने मागे पडले. अर्थशास्त्रात या दुखण्याला चक्क ‘डच रोग’ म्हणतात. वहिनींची बरणी वाड्याबाहेर कुणी घेईना, की समजायचं, भरभराट आली.

आता खरी मेख. काकांनी यापुढे घरखर्चाची वर्गणी कुणाकडूनही घेऊ नये. आजवर प्रत्येक जण महिन्याला पैसे द्यायचा आणि म्हणून विचारायचा, “काका, दुधाचं बिल एवढं कसं आलं हो?” वर्गणी बंद, तोंड बंद. काकांना आता तुमची गरजच नाही, बोअरची किल्ली कनवटीला असली म्हणजे झालं. उलट दिवाळीला तेच तुम्हाला पाकीट देतील, आणि पाकीट घेतलेल्या हातानं हिशेबाची वही मागणं आपल्यात बरं दिसत नाही. तरी एखादा आगाऊ पुतण्या मागेलच. त्यासाठी दाराशी दोन दांडगे रखवालदार हवेत. बाकी कुणाचाही पगार थकला तर चालेल, त्यांचा नको.

नॉर्वेच्या नादी लागू नका. १९६९ मध्ये समुद्रात घबाड लागलं, तरी ती माणसं भरभक्कम कर भरतच राहिली. १९९० साली कायदा करून नातवंडांसाठी निधी ठेवला आणि आता त्यातून वर्षाला साधारण तीन टक्केच काढायचे, असा नियम. कद्रूपणा तो किती!

आदर्श हवा तर नौरूचा. पॅसिफिकमधलं २१ चौरस किलोमीटरचं बेट, १९६८ ला स्वतंत्र झालं, आणि खतासाठी लागणाऱ्या फॉस्फेटच्या जिवावर काही काळ दरडोई उत्पन्नात जगातल्या वरच्या पंगतीत जाऊन बसलं. बेटाचा मधला भाग खणून खणून नुसते दगडी सुळके उरले. आणि सरकारी पैसा? तो लंडनच्या एका संगीत नाटकातही गेला. १९९३ मध्ये ते नाटक काही आठवड्यांत उतरलं. नाटकापायी घर बुडवणं ही तर आपली खानदानी रीत. रावपुऱ्यात तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही, कौतुकच होईल.

आणि बोअरला नुसतं पाणीच लागलं तर? फुटकं नशीब म्हणायचं, मोटर बसवून घ्यायची आणि सकाळी मुलांना रिक्षात कोंबून शाळेत पाठवायचं.