वलसाडचा हापूस आणि आमची आखाजी

"वलसाड! उद्या म्हणतील विजयदुर्गही आमचाच!"

तात्या कट्ट्यावर टेकण्याआधीच सुरू झाले होते. संध्याकाळचे सात वाजले तरी दगड तापलेलाच, त्यात हे.

"गुजरातवाल्यांनी 'वलसाड हापूस'ला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का मिळावा म्हणून अर्ज केलाय हो फक्त," वकील म्हणाले. "अर्ज कुणीही करतं. जुन्नरवाल्यांनी शिवनेरी हापूसचा केला तेव्हाही तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात."

"ते निदान आपले तरी!"

"म्हणजे भांडण आंब्याचं नाही, आपल्या-परक्याचं आहे," वहिनी म्हणाल्या.

तात्यांनी बोटं मोजायला घेतली. "आमच्या हापूसला २०१८ साली मानांकन मिळालंय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. सरकारी कागद आहे. संपला विषय."

"पाच जिल्हे कागदावर," मास्तर म्हणाले. "तुमचं मानांकन देवगडात सुरू होतं आणि तुमच्या वाडीच्या गडग्याशी संपतं."

वकिलांनी संधी साधली. "आणि त्या मानांकनात प्रत्येक बागायतदाराला आपली वेगळी नोंदणी करावी लागते. तुमच्या भावाने केली का?"

"करतोय."

"गेल्या वर्षीही करतच होता."

खरा वाद मात्र वेगळाच होता. अक्षय्य तृतीयेला मास्तरांच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून जेवायचं हे ठरलेलं. रस कोणत्या आंब्याचा, एवढंच अडलं होतं. तात्यांचं म्हणणं, हापूस नसेल तर ते रसाला हात लावणार नाहीत. वकिलांनी मध्येच डबाबंद पल्पचं नाव काढलं, तेव्हा मात्र तात्या आणि वहिनी दोघेही एकदम त्यांच्यावर धावून गेले. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालेलं पाहून मास्तरांनी सगळ्यांसाठी उसाचा रस मागवला.

वहिनी जळगावकडच्या. अक्षय्य तृतीया त्यांच्या तोंडी आखाजीच असते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, आंबा ठेवायचा. तोपर्यंत घरात कुणी आंबा तोंडाला लावत नसे. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालही त्याच दिवशी बदलायचं. दुपारी खापरावरचे मांडे आणि रस. आणि तो रस गावरान आंब्याचा. बादलीत पाण्यात टाकून ठेवलेले आंबे, सगळी पोरं गोल बसून माचवायची. कुठला शेंदऱ्या, कुठला खोबऱ्या, कुठला शेप्या. कुणी विचारलं नाही की हा कोणत्या जिल्ह्याचा."

"रेषा किती असतात त्यात! दातांत अडकतात."

"अडकू देत. तुम्हाला घाई कसली आहे?"

मी वहिनींच्या बाजूचा आहे, हे इथेच सांगून टाकतो. हापूस उत्तम फळ आहे, त्यात शंका नाही. पण कलमाचा आंबा म्हणजे एकाच झाडाची चव हजार झाडांवर. कोयीतून उगवलेल्या आंब्याचं प्रत्येक झाड निराळं. एक आंबट, एक साखरेसारखा, एकाला बडीशेपेचा वास. दहा माणसं जमून अशा आंब्यांची टोपली फोडतात तेव्हा 'हा घे, हा चाखून बघ' असं आपोआप सुरू होतं. उन्हाळ्यात एकत्र जेवण्याचं खरं सुख मला त्या देवाणघेवाणीत वाटतं. गावरान झाडं बांधावरून तोडली जातायत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तात्या ऐकेनात. "तुमचा गावरान म्हणजे आमचा रायवळ. तो आमच्याकडे गुरंसुद्धा..."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "मागच्या मे महिन्यात आम्ही तुमच्या घरी आलो होतो. हापूस पेट्यांत भरून मुंबईला गेलेला. आणि तुमच्या आई आम्हाला काय वाढत होत्या? रायवळाचं सासव, मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातलं. तुम्ही तीनदा घेतलंत."

तात्यांनी ग्लास उचलला. मास्तर इतके हसले की आल्याचा ठसका लागला.

ठसका ओसरल्यावर त्यांनी जुनं उकरलं. "त्या पेटीचं काय झालं हो? वरच्या थरात देवगड, खाली पुडी."

"ती माझी नव्हती, एजंटाची होती!"

"नाव तुमचं सांगून विकली होती."

पुडी म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. ओल लागली की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि आंबा बाहेरून पिवळाधमक होतो, आत कच्चाच. त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. ठरलेल्या प्रमाणात इथिलीन चालतं. मास्तरांनी शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा तास आम्ही सगळे दर उन्हाळ्यात करतो. कट्ट्याशेजारच्या फळवाल्यालाही आता तो पाठ आहे, आणि हे मला फार चांगलं वाटतं. तो आंबे पेंढ्यातच पिकवतो.

"माझ्या मते," वकील म्हणाले, "दोन पातेली करू. एक हापूसचं, एक गावरान."

"आणि कोजागिरीच्या दुधाचे पैसे आधी द्या," वहिनी म्हणाल्या. "मग पातेली मोजा."

"त्याचा इथे काय संबंध?"

"पातेलं तेच आहे."

शेवटी दोन पातेल्यांवर ठरलं. तात्यांनी अट घातली की त्यांच्या पातेल्यावर चिठ्ठी लावायची.

"लावा," वकील म्हणाले. "नोंदणी क्रमांकही लिहा."

कैऱ्या उकडून पन्हं मास्तरांकडे, गूळ आणि वेलदोडा त्यांच्याच घरचा. आंब्याची डाळ आमच्याकडे. पुरण वहिनींकडे, मांडे जमले नाहीत तर पोळ्या. राहिलं गावरान आंबे माचवून रस काढणं. मोठी टोपली, हात कोपरापर्यंत माखणार, चीक लागणार. सगळे पुरुष एकदम रस्त्यावरच्या रिक्षा बघू लागले.

"तात्या काढतील," वहिनी म्हणाल्या.

"मी? गावरान?"

"हाताला सवय आहे तुमच्या. सासव खाताना बघितलंय मी, कोय किती निगुतीने चोखता ते."

"काढीन," तात्या म्हणाले, "पण एक थेंब चाखणार नाही."

"साखर किती घालायची ते मग कोण सांगणार?" मास्तरांनी विचारलं.

तात्या विचारात पडले. "अर्धी वाटी चाखावी लागेल," ते म्हणाले, आणि मग कुणालाच काही बोलता येईना. वकील कट्ट्यावरून उतरून पोट धरून उभे राहिले. वलसाडचं काय झालं, ते पुन्हा कुणी काढलंच नाही.