क्लचच्या तक्रारीबद्दल गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की जुन्या गाडीचा क्लच दाखवायला आणला, तर आम्ही गिअरबॉक्स उतरवून क्लचचा पूर्ण सेट (प्लेट, बेअरिंग वगैरे) बदलायचे ५५०० रुपये सांगितले; दुसरीकडे ४०० रुपयांत केबल बदलून गाडी मस्त झाली, म्हणजे आम्ही लुटायला बसलोय. राग येणं साहजिक आहे. पण दुरुस्त झाली असं समजून तुम्ही गाडी कन्नडच्या घाटात घालाल, याचीच मला जास्त काळजी आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

गाडीची दुखणी दोन होती. पेडल जड लागत होतं, ते बरंचसं केबलमुळे. केबल आतून कोरडी पडली की पेडल जड होतं, नवी टाकली की पाय हलका. ती बदलायला आम्हीही सांगितली होती, एस्टिमेटच्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे. दुसरं दुखणं म्हणजे क्लच स्लिप मारतोय, म्हणजे आतली प्लेट घसरते आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोचत नाही. ते केबलने जात नाही.

तपासणी तुमच्यासमोरच झाली. आधी पेडलचा प्ले, म्हणजे क्लच दबायला लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, बघितली. तो प्ले अजिबात नसता तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबलेलं राहून चांगली प्लेटही घसरते. तेव्हा केबल सैल करून भागलं असतं आणि आम्ही तेवढंच करून दिलं असतं. तुमचा प्ले व्यवस्थित होता. मग सपाट जागी, समोर कुणी नाही बघून, हँडब्रेक पूर्ण ओढला, चौथा गिअर टाकला, थोडी रेस देऊन क्लच सोडला. प्लेट धरत असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. तुमचं गुरगुरत चालूच राहिलं, मग बंद पडलं, आणि जळका वास तुम्हालाही आला. ही टेस्ट आम्ही पुन्हा पुन्हा करत नाही, उरलेली प्लेट जळते.

आत्ता गाडी छान वाटते, कारण धुळ्यात सपाट रस्त्याला एकट्या माणसाने हळू चालवली तर प्लेटवर ताणच येत नाही. चाळीसगावच्या पुढे चढ लागला, गाडीत पाच जण बसले, की इंजिनचा आवाज चढेल आणि गाडी काही ओढणार नाही. मागे घाटातली वाहनं, आत बायकापोरं.

'नुसती प्लेट टाका' असंही तुम्ही म्हणाला होतात. पण जुनं बेअरिंग पुढे ओरडायला लागलं की गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, मजुरी पुन्हा तेवढीच. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला खालून तेलाची ओल होती, बोटाला लागलेलं तेल मी तुम्हाला दाखवलं. क्रँकचं मागचं सील (इंजिनचं तेल आत अडवणारं) गळत असेल तर ते तेल नव्या प्लेटवरही येणार. उघडल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, म्हणून कागदावर सीलपुढे 'लागल्यास' लिहिलंय.

काम आमच्याकडेच करा असा आग्रह नाही. कुठेही करा, पण गिअरबॉक्स खाली आल्यावर स्वतः उभे राहा. जुनी प्लेट हातात घ्या, अस्तर रिव्हिटांपर्यंत झिजलंय का बघा, फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) जास्त तापल्याचे निळे डाग आहेत का तेही बघा. प्लेट चांगली निघाली तर तिचा फोटो इथेच टाका, सगळ्यांना दिसू दे. तोवर घाट टाळा आणि हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. तपासायचे पैसे आम्ही घेतले नव्हते, पुन्हा आणलीत तरी घेणार नाही.

— गॅरेज मालक, धुळे