दिवस प्रश्नपत्रिकेतच दिलेले असतात

महाराष्ट्रात पदवीच्या नव्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट मिळाल्यापासून आमच्या जुन्या इंजिनिअरिंग बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. काही जण आता स्वतः प्राध्यापक आहेत, त्यामुळे वाद तावातावाने चालतो. पोरं अखेर वर्गाबाहेर पडतील, असं एकांचं म्हणणं. दुसरे म्हणतात, सही-शिक्क्याचे कागद गोळा होतील, बाकी शून्य. मी डेन्मार्कमध्ये ऑल्बोर्गला शिकलो आणि तिथेच नोकरीला लागलो. मला दोन्ही तटांचं थोडं चुकतंय असं वाटतं, कारण मार्क नक्की कशाला द्यायचे हे कुणीच विचारत नाही.

ऑल्बोर्ग विद्यापीठ 1974 चं. तिथे दर सत्राचा साधारण निम्मा भार गटाने करायच्या प्रोजेक्टचा असतो. इंजिनिअरिंगच्या मुलांना आल्याआल्या काही आठवड्यांचा एक छोटा प्रोजेक्ट देतात, त्याला पी-झिरो म्हणतात. तो रंगीत तालमीसारखाच, फसला तरी बिघडत नाही. भेटायचं कधी, कुणी कामच केलं नाही तर काय, मतभेद झाले तर निर्णय कसा घ्यायचा, हे गट आधी लिहून काढतो. शेवटी अहवालाबरोबर आणखी एक लिखाण द्यावं लागतं: वेळापत्रक कुठे कोलमडलं, का कोलमडलं, पुढच्या खेपेला काय बदलणार. मार्गदर्शक ते वाचतात आणि त्यावर खोदून विचारतात. मग त्याहून मोठा पी-वन, आणि असंच पुढे दर सत्राला.

आपल्याकडे प्रोजेक्ट मॅनेजमेंट अभ्यासक्रमात नाही असं नाही. कुठलं काम कशानंतर आणि सगळं किती दिवसांत संपेल हे मांडणारी क्रिटिकल पाथची पद्धत 1957 च्या सुमारास ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीच्या कारखान्यांची कामं आखताना घडली. पर्ट ही तशीच दुसरी पद्धत त्यानंतर लगेच अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी आली. आपल्याला दोन्ही भेटतात ती नेटवर्कची गणितं म्हणून. बाण काढा, फ्लोट (एखादं काम किती दिवस लांबलं तरी चालेल ते) काढा, हुकमी मार्क घ्या. पण त्या गणितात प्रत्येक कामाला लागणारे दिवस प्रश्नपत्रिकेतच दिलेले असतात! खऱ्या कामात तोच भाग सगळ्यात अवघड. सेन्सर यायला किती दिवस, कोड चालायला किती, जोडीदार गावी गेला तर किती, याचा अंदाज बांधायचा, तो चुकलेला बघायचा आणि पुन्हा बांधायचा. हे फळ्यावर येत नाही. फ्लोट अचूक काढणारा विद्यार्थी त्याच वर्षी स्वतःचा फायनल इयर प्रोजेक्ट शेवटच्या पंधरवड्यात उरकतो, किंवा सरळ रेडीमेड आणतो. बाहेरून आलेले परीक्षक डेमो बघतात, ब्लॅक बुक म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव अहवाल चाळतात. काम कसं झालं याला मार्कच नसतात, मग तो तरी कशाला सांगेल?

डेन्मार्कला हे परवडतं, हेही खरं. सरकार विद्यार्थ्यांना दरमहा भत्ता देतं, आणि मार्गदर्शकाला गटासाठी वेळ असतो. फुकटे तिथेही आहेत. एकाच्या जिवावर बाकीचे पास होतात म्हणून 2006 मध्ये तिथल्या सरकारने गटाच्या तोंडी परीक्षेवरच बंदी घातली होती. ऑल्बोर्गच्या पद्धतीच्या मुळावरच घाव होता तो. 2011 मध्ये सरकार बदललं आणि मग ती बंदी उठली. गट एकत्र बसतो, पण ग्रेड ज्याची त्याला.

आणि आपली मुलं हे शिकतच नाहीत असंही नाही. पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका उभी करणारी पोरं तालमीच्या तारखा, सेटचा खर्च, ऐनवेळी गळालेला नट, सगळं निभावतात. पडदा ठरल्या वेळी वर जातो, मुदतवाढ नसते. कॉलेजच्या लेखी मात्र ते ‘एक्स्ट्रा करिक्युलर’.

फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेच, तर त्यातले निम्मे मार्क एका साध्या वहीला द्यावेत असं मी ग्रुपवर लिहिलं. दर आठवड्याला एक पान: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला. याला ना इमारत लागते ना अनुदान. एका प्राध्यापक मित्राने लगेच लिहिलं, ‘ती वहीसुद्धा सबमिशनच्या आदल्या रात्री भरतील.’ भरतीलच. म्हणून गाइडची सही दर आठवड्याला हवी. एका गाइडकडे दहा-दहा गट दिले तर तीही होणार नाही, तेव्हा आधी ती संख्या कमी करा.